सतरंजीवरच्या चार जागा

३ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगळे.

पत्रं कशाला लिहितेस, फोन कर, असं तू कळवलंस. अगं, इथे फोन आला की आमचे सोन्या चिरंजीव तो टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा करतात. एका बाजूला सूनबाई, समोर नात, चिमणी. त्यांच्यादेखत मी तुला काय सांगणार? जेवले, झोपले, मजेत आहे. म्हणून हे पत्र.

मी मजेत नाही. परवा दोन साड्या धुऊन गॅलरीत वाळत घातल्या, तर तासाभरात इमारतीच्या व्यवस्थापकाची चिठ्ठी दारात. कपडे बाहेरून दिसता कामा नयेत म्हणे! दिसायला मी काय चोरीचे घातले होते? सूनबाईने ते यंत्रात टाकले. बाहेर आले ते भाजून काढल्यासारखे. जिन्यात मोठ्याने बोलायचं नाही, दार आपटायचं नाही, रविवारी खुर्ची सरकवायची नाही. एकतीस वर्षं मी पहिलीच्या वर्गाला गप्प बसवलं, आता माझी पाळी आली आहे. तरी बरं, परतीचं तिकीट सप्टेंबरच्या सहा तारखेचं आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी त्या तारखेला गोल करून ठेवलाय.

घराकडे तुझं लक्ष आहेच. कुंड्यांना पाणी, रविवारी खिडक्या उघडणं आणि सोन्याच्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवणं, एवढं चुकवू नकोस. त्या पलंगावर सामान ठेवू नकोस हो. पोरगा कधी अचानक आला तर त्याला त्याची जागा तयार हवी.

इथली मोठी बातमी म्हणजे सात जूनला, शनिवारी, नदीकाठच्या मोठ्या मैदानात पॉप गाण्यांचा जलसा आहे. फुकट. चिमणी त्या गायिकेसाठी वेडी झाली आहे, भिंतीवर तिचे अकरा फोटो आहेत, मी मोजले. तिकीट नाही, नंबर नाही, जो आधी येईल तो पुढे बसेल. चिरंजीव म्हणाले, पुढची जागा मिळायची तर सकाळी आठला जायला हवं आणि आमच्यापैकी कोणाला ते जमणार नाही. मी म्हटलं, मी कशाला आहे? एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून अख्ख्या घराला बसवलंय मी. ते हसले. इथे जागा धरत नाहीत म्हणाले. बघू या कशी धरत नाहीत ते.

माझ्यावर आहे तो लोभ तसाच ठेव, आणि जिने बेताने चढ.

तुझी अक्का

१५ मे

ती. अक्कास साष्टांग नमस्कार. साष्टांगातले गुडघे सोडून दे, ते हल्ली टेकत नाहीत.

पत्र वाचून हसू आलं आणि रागही आला. फुकट ते पौष्टिक हे मला माहीत आहे, पण या वयात दिवसभर गवतावर बसून पॉप? तुला बाकी कोणी नाही का त्या घरात जागा धरायला? मी तीस वर्षं डेपोच्या आरक्षण खिडकीत काढली. जागा धरायला येतो तो नेहमी घरातला सगळ्यात बिनकामाचा समजला जाणारा माणूस असतो, हे मी खिडकीच्या आतून रोज पाहिलंय. पण तू ऐकणार थोडीच.

इकडचं म्हणजे, घरमालकाने पाण्याची मोटर पुन्हा बंद ठेवली आहे. तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवायच्या म्हणजे काय ते मी आणि तो जिना जाणे. भांडून आले. म्हणाला, जमत नसेल तर तळमजल्याची खोली बघा. जणू तळमजल्याच्या खोल्या झाडाला लागतात!

तुझ्या घरी दर रविवारी जाते. कुंड्या ठीक आहेत. गादी अंगणात टाकते आणि दोन तास पायरीवर बसून राखते, नाहीतर शेजारचं मांजर येऊन लोळतं. मग उचलून आत नेते. एकटीला जरा जड जाते, पण नेते. पलंगावर काही ठेवलेलं नाही, चादर तू घडी घातलीस तशीच आहे.

एक विचारायचं होतं. गेल्या गुरुवारी एक गृहस्थ टेप घेऊन तुझं अंगण मोजताना सापडला. कोण तू, म्हटलं. तर मालकांनी पाठवलंय म्हणाला. मालक म्हणजे कोण, मालकीण तर परदेशात, म्हटल्यावर गुळमुळीत बोलून निघून गेला. तू काही दुरुस्ती काढली आहेस का? काढली असशील तर मला न सांगता का काढलीस, याचा राग वेगळा.

कळव. लोभ आहेच, तो मागावा लागू नये.

तुझी धाकटी

२० मे

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या लाडक्या सोन्याला विसरलीस ना? मीही पत्र लिहायचं विसरलो होतो, त्यामुळे फिटंफाट. इकडे सगळे ठीक. आई रमली आहे. इमारतीच्या व्यवस्थापकाशी रोज भांडते, म्हणजे तब्येत उत्तम आहे असं समजायचं.

मावशी, एक नाजूक काम आहे आणि ते तुझ्याशिवाय कोणी करणार नाही. मी आपल्या घरी एक गृहस्थ पाठवला होता, त्याला तू हाकलून दिलंस असं कळलं. पुन्हा येईल तेव्हा त्याला घर आतून दाखव आणि किल्ली दे. आम्ही घर विकायचं ठरवलं आहे. आईने आता कायमचं इथेच राहावं असं आमचं मत आहे. तिचे इथे राहण्याचे कागद तयार आहेत, घराचेही तयार आहेत. घर तिच्या नावावर असल्यामुळे फक्त तिच्या सह्या हव्यात. परतीचं तिकीट मी गेल्याच महिन्यात रद्द केलं.

आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की ती नाही म्हणणार, आणि एकदा नाही म्हणाली की तू जाणतेसच. सात जूनला आम्ही सगळे एका गाण्याच्या कार्यक्रमाला जाणार आहोत. त्यानंतर ती खुशीत असेल, तेव्हा गोडीगुलाबीने सांगून सह्या घेऊन टाकीन. तोवर तू काही लिहू नकोस, बोलू नकोस. हे सगळं तिच्याच भल्याचं आहे. माझ्या खोलीत जुनी पुस्तकं वगैरे असतील, ती रद्दीत दे. पलंग कोणाला हवा असेल तर देऊन टाक.

तुझा लोभ लहानपणी होता त्याहून रतीभर कमी होऊ देऊ नकोस.

तुझा सोन्या

३० मे

ती. अक्कास नमस्कार.

थट्टा आज नाही. सोबत तुझ्या चिरंजिवांचं मला आलेलं पत्र आहे. आधी ते वाच, बसून वाच.

वाचलंस? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि दोन दिवस झाले तरी खाली उतरायला तयार नाही. मी लगेच फोन केला होता. सूनबाईने उचलला, अक्का झोपल्या आहेत म्हणाली. दुसऱ्यांदा केला, तर फिरायला गेल्या आहेत. तिसऱ्यांदा तू आलीस, पण मागून सगळ्यांचे आवाज ऐकू येत होते. मग मी कुंड्यांबद्दल बोलले आणि ठेवला. तुलाही काही कळलं नाही, मठ्ठ कुठली!

तुला सांगू नको म्हणून त्याने लिहिलं आहे. मी सांगते आहे. तू रागावलीस तरी चालेल, तो रागावला तरी चालेल. तुझं तिकीट तुला न विचारता रद्द करतो म्हणजे काय? तू माणूस आहेस की पार्सल? तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतो आहे आणि त्यातली एक शेळी मी!

पत्र कार्यक्रमाच्या आधी पोचावं म्हणून टपाल कचेरीत जाऊन विचारलं. नक्की सांगता येत नाही म्हणाले. अक्का, कुठल्याही कागदावर सही करू नकोस. देवाच्या नावाने सांगते, वाचल्याशिवाय करू नकोस.

खालची चिठ्ठी त्याला तुझ्या हाताने दे.

तुझी धाकटी

चि. सोन्यास आशीर्वाद. किल्ली माझ्या कनवटीला आहे. ती घ्यायला तुझा टेपवाला येवो नाहीतर तू ये, मिळणार नाही. पलंग हलवलेला नाही. तुला नको आहे हे तुझ्या आईला तूच सांग, मी सांगणार नाही. माझा लोभ तूर्त आटला आहे. मावशी.

८ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

अक्षर मोठं आणि वाकडं दिसेल. चष्म्याचा चुरा झाला आहे. लिहायला जमतं, हाताला सवय आहे, पण काय लिहिलं ते वाचता येत नाही. सूनबाई वाचून दाखवते म्हणाली, पण हे पत्र तिने वाचावं असं नाही.

काल तो जलसा झाला. अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे, पहिल्यापासून सांगते.

साडेसातला चिरंजिवांनी मला फाटकाशी सोडलं आणि कामावर गेले. शनिवारी अर्धा दिवस असतो. एक वाजता सुटून, सूनबाई आणि चिमणीला घेऊन दोनला येतो म्हणाले. तीनला गाणं सुरू. माझ्याकडे निळ्या पट्ट्यांची आपली सतरंजी, डबा, पाणी, छत्री आणि तीन रुमाल. फाटकावर छत्री काढून घेतली, टोक आहे म्हणाले. बाटली दिली पण तिचं झाकण ठेवून घेतलं. झाकणाने मी कोणाचा जीव घेणार होते? नवजात बाळाला दवाखान्यात बांधतात तशी कागदाची पट्टी मनगटाला बांधली आणि आत सोडलं.

पण जागा काय मिळाली म्हणून सांगू! कठड्यापासून तिसरी ओळ, मंचाच्या बरोबर समोर. सतरंजी पसरली, एका कोपऱ्यावर मी बसले, बाकी तीन जागांवर तीन रुमाल. चिरंजिवांचा पांढरा, सूनबाईचा फुलांचा, चिमणीचा पिवळा. झालं, आता बसा बिनघोर, असं मला वाटलं.

अगं, या लोकांना रुमाल कळतच नाही! हिरव्या केसांची एक मुलगी आली, तिने पांढरा रुमाल उचलला, झटकला आणि तुमचा पडला म्हणून माझ्या हातात दिला. मी पुन्हा टाकला. एक गृहस्थ आले, त्यांनी पुन्हा उचलून दिला, वर हसले. पाच जणांनी मला माझे रुमाल परत केले. सहावा आला तो टकल्या, त्याने दिला नाही, सरळ पांढऱ्या रुमालावर बसला. त्याला मी उठवलं. त्यांच्या भाषेतली मला सात वाक्यं येतात, त्यातलं पाचवं, माझा मुलगा येतो आहे. ते म्हटलं. उठला बिचारा.

शेजारी एक बाई येऊन बसली. बस चालवते. रात्रपाळी करून गणवेशातच आली होती. तिला हाताने सगळं समजावलं, की हा मुलगा, ही सून, ही नात. तिने मान डोलावली. मग कोणी रुमाल उचलायला आलं की माझ्याआधी तीच ओरडायची. थर्मासमधला चहाही दिला मला. अकरा वाजेपर्यंत आजूबाजूची पोरं नुसती कशीही पसरली होती, पाय कुठे, डोकं कुठे. माझ्याच्याने राहवेना. उभी राहिले, टाळी वाजवली आणि हाताने ओळी दाखवल्या. बसले गं ओळीत! एवढाली दाढीवाली पोरं! मग ज्याला त्याला पाणी प्यायला जायचं झालं की तो आपली पिशवी माझ्याकडे ठेवून, जागा राखा अशी खूण करून जाऊ लागला. अर्ध्या मैदानाच्या जागा मी धरल्या. कोणाची गेली नाही.

दोन वाजले. आले नाहीत. अडीच वाजले, मैदान गच्च भरलं. त्या गर्दीत रिकामी म्हणून दिसत होती ती आपली सतरंजी. लोक कुरकुरू लागले. पिवळ्या जाकिटातला एक स्वयंसेवक आला आणि सांगू लागला की सगळं सगळ्यांसाठी आहे, जागा अडवता येणार नाही. त्याला पाचवं वाक्य म्हटलं. पुन्हा म्हटलं. तोंडाला कोरड पडेपर्यंत म्हणत राहिले, माझा मुलगा येतो आहे, माझा मुलगा येतो आहे. शेवटी त्याला लाज वाटली आणि तो गेला.

तीनला ती बाई मंचावर आली, आरसे लावलेला झगा घालून. ढोल छातीत वाजत होता. एक ओळ तिने सत्तावीस वेळा म्हटली, मी मोजली. वर्गात कोणी एवढी घोकंपट्टी केली असती तर कौतुक केलं असतं. तेवढ्यात उंचावरच्या कॅमेऱ्याने आमच्यावर नेम धरला आणि मंचाशेजारच्या त्या प्रचंड पडद्यावर मी दिसले! साडी नेसलेली, हात पसरून तीन जागा अडवून उभी. सगळ्या मैदानाने टाळ्या पिटल्या. मला वाटलं, बरं झालं, आता तरी चिरंजिवांना कळेल मी कुठे आहे ते. मी पांढरा रुमाल डोक्यावर धरून हलवला, कितीतरी वेळ हलवला.

मग गायिका पळत पुढे आली आणि मागची सगळी गर्दी अंगावर कोसळली. ओळी मोडल्या. मी रुमाल गोळा करायला वाकले तेव्हा नाकावरून चष्मा पडला आणि कोणाच्या तरी टाचेखाली गेला. बसवालीने मला दंडाला धरून उभी केली नसती तर मीही गेले असते. पुढे सतरंजीवर आम्ही दोघीच, एकमेकींना धरून. शेवटचं एक गाणं मात्र बरं होतं. पाय आपोआप ठेका धरत होता आणि त्याचाही मला राग येत होता.

आता खरं ऐक. सगळं संपल्यावर फाटकाशी आले, तर झाडाखाली तिघंही खुर्च्यांवर बसलेले. दीड वाजताच आले होते! पुढे फार गर्दी दिसली म्हणून मागे सावलीत बसले, गाडीही जवळ होती. चिरंजीव मला बघून हसत उठले आणि म्हणाले की आई, पडद्यावर तू काय झकास दिसलीस, आम्ही किती हसलो. मी विचारलं, दिसले ना? मग आला का नाहीस? तर म्हणाले, जागा धरत नाहीत हे मी आधीच सांगितलं होतं, तुला कोणी धरायला लावली होती?

धाकटे, खरंच, मला कोणीच लावली नव्हती.

घर आल्यावर चिरंजीव म्हणाले की थोड्या सह्या करायच्या आहेत, माझ्या इथल्या राहण्याचं काहीतरी आहे, काळजीचं नाही. मी म्हटलं, नवा चष्मा येईपर्यंत सही नाही. न वाचता मी पहिलीच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा कधी सही केली नाही. ते चिडले. चष्मा गुरुवारी मिळेल.

दुरुस्ती मी काही काढलेली नाही. टेपवाला चुकून आला असेल.

आज लोभ मागत नाही, आज तुझ्याजवळ येऊन बसावंसं वाटतं आहे.

तुझी अक्का

१४ जून

चि. धाकटीस.

गुरुवारी चष्मा आला आणि त्याच टपालाने तुझा लिफाफा. नव्या चष्म्याने मी पहिलं जे वाचलं ते माझ्या मुलाचं तुला लिहिलेलं पत्र.

संध्याकाळपर्यंत ते कमरेला खोचून ठेवलं. जेवणं झाल्यावर तिघांना बसवलं, फोन मधोमध ठेवतात त्या टेबलाभोवती. चिरंजिवांना उभं केलं, पत्र हातात दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. चार ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला. पुढचं चिमणीने वाचलं. रद्दी आणि पलंग तिनेच वाचलं. मग तिने बापाकडे बघून सांगितलं, की त्या दिवशी मला पुढे आजीकडे जायचं होतं, तुम्ही जाऊ दिलं नाहीत. सूनबाई रडू लागली. मी तिला थांबवलं नाही.

नंतर तोही बोलला. रागातसुद्धा खरं सांगते, त्याचं प्रेम खोटं नाही. दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात पडले आणि अर्धा तास तशीच पडून होते, तेव्हापासून फोन वाजला की हातातलं टाकून तो उचलतो म्हणाला. तू तिथे एकटी, मी इथे, कोण धावणार? म्हणून केलं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मी म्हटलं, हो, नाही म्हणाले असते. ते म्हणायचा हक्क माझा होता, तो तू रद्द केलास. तुझी चिठ्ठी त्याला दिली. वाचून त्याने खिशात ठेवली, फाडली नाही.

कागद मी फाडले. माझे राहण्याचेही आणि घराचेही. काल त्याने माझ्यासमोर बसून नवीन तिकीट काढलं. पाच जुलैला निघते. कॅलेंडरवर नवा गोल केला आहे, तो मात्र चिमणीने केला.

पण तुला पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. कोण धावणार, असं तो म्हणाला ना, तेव्हापासून डोक्यात भुंगा लागला आहे. धावलीस तूच होतीस. भांड्याचा आवाज ऐकून शेजारणीने तुला निरोप धाडला, मग तू तीन मजले उतरलीस, दोन गल्ल्या आलीस, त्या गुडघ्यांवर, आणि दगडाने कडी तोडलीस. म्हणून अर्धा तास लागला. बाजूच्या खोलीत असतीस तर दोन मिनिटांत आली असतीस. आणि बाजूची खोली रिकामी होती.

चौदा वर्षं रिकामी आहे. चौदा वर्षं मी त्या पलंगावर रुमाल टाकून बसले आहे, पोरगा येतो आहे, पोरगा येतो आहे, असं सगळ्यांना सांगत. तो मागे सावलीत बसला होता. आणि तू दर रविवारी ती गादी उन्हात टाकलीस, मांजरापासून राखलीस, जड जाते म्हणत आत नेलीस आणि आपल्या तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवायला परत गेलीस. तू पायरीवर बसायचीस असं लिहिलंस ते मी तेव्हा वाचलं आणि पुढे गेले. एकदासुद्धा मी तुला म्हटलं नाही, की अगं, त्यावर बस. मला त्या मैदानातल्या पोरांचा राग आला, चिरंजिवांचा आला, पण खरा राग यायला हवा होता तो माझा मला.

ती खोली तुझी आहे. मी येईपर्यंत थांबू नकोस.

जमलं तर लोभ ठेव. मागायला तोंड नाही.

अक्का

२३ जून

ती. अक्कास नमस्कार.

चौदा वर्षांनी सुचलं! चौदा! एवढ्यात माणूस शिपायाचा साहेब होऊन निवृत्त होतो. आणि तेही कोणा परक्या देशातल्या बाईने आरशांचा झगा घालून नाचल्यावर. पत्र वाचून मी इतकी संतापले की घरमालकाशी विनाकारण भांडून आले. विनाकारण म्हणजे, कारण असतंच, पण या वेळी ते आठवलं नाही.

मला दयेची जागा नको आहे, हे आधीच सांगते. मी मागितली नव्हती. मागितली असती तर तू दिली असतीस का, हे आता विचारत नाही, कारण तू खरं सांगशील. येईन, पण माझ्या अटींवर. सकाळी रेडिओ मी लावणार. न्हाणीघराला आतून कडी असणार नाही. आणि पहिलीच्या मुलांशी बोलतेस तशी माझ्याशी बोलायचं नाही. सोन्या आला तर त्याला तुझी सतरंजी आहेच, चांगली चार जागांची. त्याचा काल फोन आला होता. मावशी, आटलेला लोभ परत कधी सुटणार, असं विचारत होता. घरमालकाची मोटर सुरू झाली की, असं सांगून ठेवून दिला. पण पुस्तकं मी रद्दीत दिलेली नाहीत, हे त्याला तू सांग.

कालच्या रविवारी नेहमीसारखी गेले. खिडक्या उघडल्या, गादी उन्हात टाकली, दोन तास राखली, आत नेली. मग म्हटलं, बघू तरी. बसले त्या पलंगावर. अक्का, त्या गादीत काही राम नाही गं. चौदा वर्षं ऊन खाऊन कापसाचा नुसता दगड झालाय. हिच्यासाठी मी गुडघे झिजवले? मी माझी गादी आणणार. पण जरा टेकले आणि डोळा लागला तो संध्याकाळीच उघडला. तुझ्या कुंड्यांना पाणी घालायचं राहिलं, त्याबद्दल बोलू नकोस.

पाच तारखेला निघून ये. चष्मा नीट सांभाळून आण. थोडा राग मागे ठेवला आहे, तो समोरासमोर काढीन, लोभ त्यातच गुंडाळलेला आहे.

निघताना माझा रुमाल त्या पलंगावर टाकून आले आहे. उचलून परत देशील तर खबरदार.

तुझी धाकटी